टप्पा किती वाजता संपणार? सायकल शर्यतीतल्या एका जुन्या अंदाजाची पार्श्वभूमी

१ जुलै १९०३. दुपारचे सव्वातीन. पॅरिसजवळच्या माँझरों गावातून पहिल्या टूर द फ्रान्सचा, म्हणजे अनेक दिवस टप्प्याटप्प्याने चालणाऱ्या सायकल शर्यतीचा, पहिला टप्पा सुटला. लिऑनपर्यंतचं अंतर होतं ४६७ किलोमीटर. रात्रभर सायकल मारून मोरिस गारँ दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास पोहोचला. वेळ लागला १७ तास ४५ मिनिटे १३ सेकंद. एवढ्या लांबच्या पल्ल्यावर अंतिम रेषेपाशी पंचांनी किती वाजता उभं राहायचं, हाच तेव्हाचा प्रश्न होता. अंदाजाची गरज निघाली ती अशी, अगदी व्यवहारातून.

रस्ते कच्चे होते तोवर अंदाजाला फार किंमत नव्हती. १९२६ मध्ये बायोन ते लुशाँ हा ३२६ किलोमीटरचा पिरेनीजमधला टप्पा वादळात सापडला. विजेत्या ल्यूसियाँ ब्वीसला सतरा तासांहून जास्त वेळ लागला, म्हणजे ताशी १९ किलोमीटरही नाहीत. मागे राहिलेल्यांना शोधायला आयोजकांना गाड्या पाठवाव्या लागल्या आणि कमाल वेळमर्यादाही वाढवावी लागली.

पुढे शर्यतीच्या मार्गपुस्तिकेत एक शहाणी सोय रूढ झाली: प्रत्येक गावासमोर तिथे पोहोचण्याच्या तीन अंदाजी वेळा, वेगवेगळ्या तीन सरासरी वेगांनी काढलेल्या. रस्ता कधी बंद करायचा, प्रक्षेपण कधी सुरू करायचं, सगळं त्यावर ठरतं. एकच वेळ छापायची हिंमत कोणी करत नाही, हे मला फार प्रामाणिक वाटतं.

कारण स्वारांनी ठरवलं तर वेळापत्रक कागदावरच राहतं. १९७८ मध्ये एकाच दिवशी दोन टप्पे आणि भल्या पहाटे उठणं याला कंटाळलेले स्वार वालाँस दाजाँ या गावापर्यंत मुद्दाम रमतगमत आले आणि सायकली हातात धरून रेषेकडे चालत गेले. पुढे होता तरुण बर्नार इनो. तो टप्पा रद्दच झाला.

गणिताने बाजू सावरली ती एकट्याने धावायच्या टाइम ट्रायलमध्ये. १९८० च्या दशकात जर्मन अभियंता उलरिख शोबेरर याने सायकलवर बसणारं, स्वार किती ताकद लावतो ते मोजणारं पॉवर मीटर आणलं. १९९८ मध्ये जेम्स मार्टिन आणि सहकाऱ्यांनी हवेचा रोध, चढ, टायरचं घर्षण आणि साखळीतला तोटा यांचं समीकरण प्रत्यक्ष मोजमापांशी ताडून पाहिलं, आणि ते चांगलंच जुळलं. स्वाराची ताकद, वारा आणि रस्ता माहीत असला की वेळ काढता येते. मात्र हवेच्या रोधावर मात करायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे वाऱ्याचा अंदाज चुकला की सगळंच चुकतं.

एकत्र धावणाऱ्या स्वारांच्या जथ्यात शिरलं की हिशेबच बदलतो. बर्ट ब्लॉकेन यांच्या चमूने २०१८ मध्ये १२१ स्वारांच्या जथ्याचा अभ्यास केला. जथ्याच्या पोटात बसलेल्या स्वाराला हवेचा रोध एकट्या स्वाराच्या फक्त ५ ते १० टक्के जाणवतो, असं त्यात दिसलं. म्हणजे जथा हवा तेव्हा वेग वाढवू शकतो. कधी वाढवेल, हे कुठल्याही समीकरणात नसतं.

यावरचा ठोकताळा आला तो समालोचनाच्या खुर्चीतून. माजी स्वार आणि फ्रेंच समालोचक रोबेर शापात म्हणायचे, पुढे पळून गेलेल्याला पकडायला जथ्याला त्याच्या आघाडीच्या दर मिनिटामागे दहा किलोमीटर लागतात. आजही तो 'शापातचा नियम' म्हणून ओळखला जातो.

२०२५ च्या टूरमध्ये शिनाँ ते शातोरू या १७४.१ किलोमीटरच्या सपाट टप्प्यावर मात्यू व्हान डर पूल आणि योनास रिकार्ट सुरुवातीलाच निसटले. त्यांच्या पाठलागात जथाही असा धावला की टप्प्याची सरासरी ताशी ५०.०१३ किलोमीटर झाली. १९९९ च्या लाव्हाल–ब्लोआ टप्प्यानंतरचा हा सर्वांत वेगवान साधा (टाइम ट्रायल नसलेला) टप्पा. रिकार्ट आधी गळाला. व्हान डर पूलला जथ्याने गाठलं ते शेवटच्या किलोमीटरमध्ये, आणि टप्पा टिम मर्लियरने जिंकला.