छेद लहान झाला, आता आतला दाब मोजा

मराठवाड्यातल्या साठी ओलांडलेल्या एखाद्या माणसानं बंडी काढली की कधीकधी बरगडीखालून पोटाकडे आलेला वीतभर व्रण दिसतो. कशाचा म्हणून विचारलं तर उत्तर येतं, ‘खड्याचं ऑपरेशन’. त्या काळी मुतखडा काढायचा म्हणजे कूस उघडायची, स्नायू कापायचे, वेळ पडली तर बाराव्या बरगडीचा तुकडा छाटायचा आणि किडनी चिरून खडा उचलायचा. आठ-दहा दिवस दवाखाना, पुढे दोन महिने औताला हात लावायचा नाही. आज त्याच घरातला मुलगा एके दिवशी भरती होतो, तिसऱ्या दिवशी एसटीनं घरी येतो आणि अंगावर एक टाका नसतो. म्हणून मूत्ररोगतज्ज्ञासमोर बसलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘साहेब, चिरफाड किती करावी लागंल?’ रिक्षांच्या पाठीमागच्या जाहिरातीही याच प्रश्नाला उत्तर देतात. बिनटाका, लेझर, दुर्बीण.

हा प्रश्न आता शिळा झाला आहे. खड्याच्या शस्त्रक्रियेत गेल्या दहा-बारा वर्षांत जे महत्त्वाचं संशोधन झालं, ते कातडीवरच्या छेदापेक्षा किडनीच्या आत काय होतं याच्या मागे लागलेलं आहे. पाण्याचा दाब किती चढला, लेझरनं आतलं तापमान किती वाढवलं आणि फोडलेल्या खड्याचा चुरा बाहेर आला की आतच राहिला, या तीन गोष्टींवर पुढचं सगळं अवलंबून असतं.

आपल्याकडे या विषयाला गिऱ्हाईक कमी नाही. मे महिन्यात परभणी, नांदेडचा पारा चाळिशीच्या वर राहतो, घामावाटे पाणी जातं, लघवी घट्ट होते आणि कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक जमायला लागतात. बीड, धाराशिवकडचे ऊसतोड मजूर दिवसभर फडात राबतात. बायका तर आडोसा नाही म्हणून मुद्दाम पाणी कमी पितात. सगळा दोष बोअरच्या क्षारयुक्त पाण्यावर ढकलायची आपली सवय मात्र तितकीशी खरी नाही; आणि कॅल्शियम कमी केलं की खडा टळतो, असंही नाही. इटलीतल्या एका संशोधनात वारंवार खडे होणाऱ्या, लघवीतून जास्त कॅल्शियम जाणाऱ्या 120 पुरुषांचे दोन गट केले होते. एका गटाला कॅल्शियम कमी केलेला आहार दिला. दुसऱ्याला कॅल्शियम नेहमीइतकं, पण मीठ आणि मांस कमी. पाच वर्षांत पहिल्या गटात 23 जणांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्यात 12 जणांना. खड्याच्या भीतीनं दूध-दही तोडणाऱ्यांनी हे 2002 चे आकडे जरूर बघावेत.

छेद कसा आकसत गेला ती गोष्ट फार जुनी नाही. 1976 मध्ये स्वीडनमधल्या फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन यांनी पाठीतून किडनीपर्यंत छोटा बोगदा करून त्यातून खडे काढल्याचं प्रसिद्ध केलं. तेच आजचं पीसीएनएल. चार वर्षांनी, 7 फेब्रुवारी 1980 रोजी, म्युनिकमध्ये ख्रिश्चन शाउसी यांनी शरीराबाहेरून आघातलहरी सोडून पहिल्यांदा रुग्णाचा खडा फोडला. ते यंत्र बनवणारी डॉर्निए ही कंपनी मूळची विमानांची. ध्वनीपेक्षा जास्त वेगानं उडणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आदळले तर आघातलहरी धातूत शिरून काय करतात, याचा अभ्यास करता करता ही मंडळी मुतखड्यापर्यंत पोचली.

पीसीएनएलमध्ये रुग्णाला बहुधा पालथं झोपवतात. एक्स-रे किंवा सोनोग्राफीवर बघत पाठीतून सुई किडनीच्या नेमक्या कप्प्यात घालायची, सुईतून तार सरकवायची आणि त्या तारेवरून एकापेक्षा एक जाड नळ्या घालत वाट रुंद करायची, असा त्याचा क्रम. या नळ्या फ्रेंच नावाच्या मापात मोजतात; 3 फ्रेंच म्हणजे 1 मिलिमीटर. जुन्या पद्धतीत वाट 30 फ्रेंचपर्यंत, म्हणजे एक सेंटिमीटर रुंद. मिनी पीसीएनएलमध्ये ती साधारण 14 ते 20 फ्रेंचवर आली. आणि 2011 मध्ये गुजरातेतल्या नडियादच्या मुळजीभाई पटेल युरॉलॉजिकल हॉस्पिटलमधले डॉ. महेश देसाई आणि सहकाऱ्यांनी मायक्रोपर्कचे पहिले अनुभव प्रसिद्ध केले: 4.85 फ्रेंचची, म्हणजे जेमतेम 1.6 मिलिमीटरची सुई. तिच्यातूनच कॅमेऱ्याचा तंतू, लेझरचा तंतू आणि धुण्याचं पाणी. वाट रुंद करण्याचा टप्पाच उरला नाही. तंत्र म्हणून हे अफाट होतं.

पण इथेच अडचण समोर आली. दुर्बिणीतून दिसायला हवं तर किडनीत सतत सलाइन सोडावं लागतं. जाड नळीत ते बाजूनं आपोआप बाहेर पडायचं. सुईएवढ्या वाटेनं ते आत जातं, मात्र परत यायला जागा नसते. ठिबकचे सगळे ड्रिपर तुंबलेले असताना मोटार चालू केली की पाणी नळीचा जोड सोडून भलतीकडे फुटतं. किडनीतही तेच होतं. किडनीतल्या पोकळीचा एरवीचा दाब पाण्याच्या 15 सेंटिमीटर उंच स्तंभाच्या आत असतो. तो 40 सेंटिमीटरच्या आसपास गेला की आतलं पाणी उलट रक्तात शिरू लागतं. हातपंप दाबून पाणी मारलं तर काही क्षण शंभरच्याही वर जातो. खड्याच्या पोटात बऱ्याचदा जंतू दडलेले असतात. खडा फुटला की ते मोकळे होतात आणि या पाण्याबरोबर थेट रक्तात. ऑपरेशन झकास झालं, रात्री मात्र थंडी वाजून ताप भरला आणि रक्तदाब घसरला, अशा रुग्णामागे बऱ्याच वेळा हेच कारण असतं. छेद जितका बारीक, तितकी ही भीती जास्त. जाहिरातीत ही बाजू येत नाही.

लघवीच्याच मार्गानं वर जाणाऱ्या आरआयआरएस या शस्त्रक्रियेलाही हा नियम लागू आहे. तिथे छेद शून्य. बोटानं वळवावी तशी वळणारी, सुमारे तीन मिलिमीटर जाडीची दुर्बीण मूत्राशयातून मूत्रवाहिनीत आणि तिथून किडनीत जाते. तिला वाट म्हणून मूत्रवाहिनीत एक पोकळ आवरण घालतात. आतापर्यंत हे आवरण किडनीच्या दाराशीच थांबायचं. नव्या प्रकारच्या आवरणाचं टोक लवचिक असतं आणि त्याला शोषण (सक्शन) जोडलेलं असतं. दुर्बीण ज्या कप्प्यात वळते, तिच्यासोबत हे टोकही वळून आत जातं, आणि खडा फुटत असतानाच चुरा व पाणी ओढून घेतं. दाब खाली राहतो, समोरचं गढूळ चित्र स्वच्छ होतं आणि चुराही बाहेर पडतो. 320 रुग्णांवर झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष 2024 मध्ये आले: शस्त्रक्रियेनंतर लगेच तपासलं तेव्हा जुन्या आवरणाच्या गटात 49 टक्के, तर शोषणाच्या गटात 81 टक्के रुग्ण खडामुक्त होते. नंतर ताप येण्याचं प्रमाणही कमी होतं. शेजारी दुसरी सुधारणा चालू आहे: दुर्बिणीच्या टोकाशीच दाब मोजणारा सेन्सर. पडद्यावर चित्राशेजारी आकडा दिसत राहतो आणि तो चढला की सर्जन पाणी कमी करतो. मला विचाराल तर गेल्या दशकातली ही सर्वांत कामाची भर आहे, रोबोटच्या मदतीनं होणाऱ्या शस्त्रक्रियेपेक्षाही.

रोबोटचं कौतुक वेगळ्या ठिकाणी रास्त आहे. प्रोस्टेटचा कर्करोग काढताना किंवा गाठीपुरतीच किडनी कापून बाकीची वाचवताना टाके आत, अरुंद जागेत घालायचे असतात. तिथे त्याचा हात सोपा जातो. खड्यासाठी त्याची वाट बघत बसायचं कारण नाही.

आता लेझर. पडद्यावर बघितलं तर लाल किंवा हिरवा ठिपका खड्यावर पडलेला दिसतो, तो फक्त नेम दाखवणारा. काम करणारी किरणं डोळ्यांना दिसतच नाहीत. नव्वदच्या दशकापासून वापरात असलेल्या होल्मियम लेझरची तरंगलांबी सुमारे 2,100 नॅनोमीटर. नव्या थुलियम फायबर लेझरची 1,940. एवढ्याशा फरकानं पाणी ही किरणं सुमारे चौपट जास्त शोषतं. तंतूच्या टोकाशी वाफेचा बुडबुडा तयार होतो, त्यातून किरणं खड्यापर्यंत पोचतात, खड्याच्या सूक्ष्म भेगांतलं पाणी उकळतं आणि पृष्ठभागाची पापुद्र्यागत खरड निघते. पिवळसर, काटेरी खडा बघता बघता धूळ होऊन जातो. गर्द तपकिरी, गुळगुळीत खडा मात्र दम काढतो. तो कॅल्शियम ऑक्झलेट मोनोहायड्रेट, फार चिवट. थुलियम कमी ऊर्जेचे ठोके सेकंदाला शेकड्यांनी मारू शकतो, म्हणून त्याची धूळ जास्त बारीक. शिवाय त्याचं यंत्र आकारानं लहान, हवेनं थंड होणारं आणि भिंतीतल्या साध्या सॉकेटवर चालणारं आहे; जास्त ताकदीच्या होल्मियमला जड विजेची वेगळी सोय लागते. जिथे ऑपरेशन चालू असताना जनरेटरकडे एक कान ठेवावा लागतो, त्या जिल्ह्याच्या गावी ही बाब लहान नाही.

बारीक धूळ हवी म्हणून ताकद वाढवत नेली तर उष्णता वाढते. पेशींना 43 अंशांचं तापमान जास्त वेळ सोसत नाही. 40 वॅटचा लेझर चालू ठेवून पाण्याचा प्रवाह बंद केला तर काही सेकंदांत ही रेघ ओलांडली जाते, हे प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे दाब नको म्हणून पाणी कमी करावं तर उष्णता वाढते, आणि उष्णता नको म्हणून पाणी वाढवावं तर दाब चढतो. शोषणाचं आवरण या दोघांच्या मधला मार्ग काढतं: पाणी भरपूर आत, तेवढंच बाहेर. हे आवरण एकदा वापरून टाकायचं असतं, त्याची किंमत बिलात चढते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पॅकेजचा दर ठरलेला असतो, त्यात असा प्रत्येक नवा जिन्नस बसवणं रुग्णालयांना सोपं जात नाही.

उरलेल्या चुऱ्याचं काय? ‘दोन-चार कण आहेत, पाण्यानं पडून जातील’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. काही पडतात, काही राहतात. 2022 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अभ्यासात 73 रुग्ण होते. मोठा खडा काढताना किडनीत असलेले लहान, त्रास न देणारे खडेही ज्यांचे त्याच वेळी काढले, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत 16 टक्क्यांना पुन्हा त्रास झाला. ज्यांचे तसेच ठेवले, त्यांच्यात 63 टक्क्यांना. तेव्हा ‘लेझरनं केलं का’ यापेक्षा ‘नंतरच्या स्कॅनमध्ये काय उरलं’ हे विचारणं जास्त फायद्याचं.

छेदही नको आणि दुर्बीणही नको, अशी एक वाट सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात शोधली जातेय. जुन्या आघातलहरींऐवजी कमी ताकदीच्या अल्ट्रासाउंडचे छोटे झोत खड्यावर सोडायचे. 2022 मध्ये 19 रुग्णांच्या 23 खड्यांवरचे पहिले निकाल आले. गंमत म्हणजे या रुग्णांची दुर्बिणीची शस्त्रक्रिया होणारच होती, त्यामुळे बाहेरून लहरी सोडताना आत कॅमेरा खडा फुटताना बघत होता. दहा मिनिटांच्या आत 21 खडे फुटले, त्यातल्या नऊंचा पूर्ण चुरा झाला. या कामाला नासाचाही पैसा लागला आहे. अंतराळात हाडांतलं कॅल्शियम सुटून लघवीत येतं आणि तिकडे युरॉलॉजिस्ट कुठून आणायचा?

आपल्याकडे मात्र अडतं ते पुष्कळदा शेवटच्या, सगळ्यात साध्या वस्तूपाशी: डीजे स्टेंट. ऑपरेशननंतर मूत्रवाहिनी सुजून तुंबू नये म्हणून किडनीपासून मूत्राशयापर्यंत घातलेली, दोन्ही टोकांना वेटोळं असलेली मऊ नळी. लांबी साधारण दहा इंच, जाडी दोन मिलिमीटरच्या आसपास. ती असताना लघवीला गेलं की कमरेत कळ येते, लघवी लालसर होते. बरेच जण घाबरतात, काहींना सवय होते. सवय झालेलेच धोक्यात. दिवाळीच्या तोंडावर ऑपरेशन झालं, दोन-चार आठवड्यांनी नळी काढायला बोलावलं, तोवर मुकादमाची गाडी आली आणि जोडपं उचल फेडायला कारखान्यावर गेलं. परत येईस्तोवर मार्च-एप्रिल उजाडतो. तेवढ्या काळात नळीवर क्षारांचा थर चढून तिच्या वरच्या वेटोळ्याभोवती नवा खडा जमलेला असू शकतो. मग ओढून ती निघत नाही, आणि जी नळी पाच मिनिटांत निघाली असती तिच्यासाठी पुन्हा भूल, पुन्हा लेझर, क्वचित पुन्हा पीसीएनएल.

यावरही काम चालू आहे. टोकाला लोहचुंबक असलेल्या स्टेंटमुळे तो दुर्बिणीशिवाय, चुंबक लावलेली सळी मूत्राशयात घालून बाहेर ओढता येतो. आपोआप विरघळणारे स्टेंटही प्रयोगात आहेत. सुरुवातीच्या नमुन्यांत अडचण अशी होती की नळी मधूनच तुटायची आणि तिचेच तुकडे वाट अडवायचे. म्हणून नंतरची रचना खालच्या, मूत्राशयाकडच्या टोकापासून वर वर विरघळत जाईल अशी केली गेली. डुकरांवरच्या चाचण्यांत अशी नळी काही आठवड्यांत नाहीशी झाली. असा स्टेंट नेहमीच्या वापरात आला तर कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, थांबायची वेळ फडातल्या माणसावर येणार नाही. तोवर डिस्चार्ज कार्डावर नळी काढायची तारीख मराठीत, मोठ्या अक्षरात लिहून घ्यावी, आणि ती घरातल्या एकाऐवजी दोघांना सांगून ठेवावी.