पदवी: मान, हक्क आणि मग सक्ती

पोर्तुगीज राजवटीत गोव्यातल्या पेडण्या-डिचोलीतल्या मुलाला बीए व्हायचं तर ट्रंक उचलून बेळगाव, धारवाड नाहीतर मुंबई गाठावी लागे. पणजीत १८४२ पासून वैद्यकीय शाळा होती खरी, पण कला-विज्ञानाची पहिली कॉलेजं पणजीत आणि मडगावात निघाली ती १९६२ साली, तीही मुंबई विद्यापीठाला जोडलेली. गोव्याचं स्वतःचं विद्यापीठ सुरू व्हायला १९८५ उजाडलं. आज साखळी, केपे, पेडणे इथे सरकारी कॉलेजं आहेत. मूल सकाळी कदंबात, म्हणजे सरकारी बसमध्ये, चढतं आणि दुपारी जेवायला घरी असतं.

संख्या वाढली, एवढीच ही गोष्ट नाही. मार्टिन ट्रो या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये मांडलं, की तरुण वयोगटातले साधारण १५ टक्के कॉलेजात असेपर्यंत शिक्षण हा मोजक्यांचा मान असतो. त्यापुढे तो हक्क वाटू लागतो आणि ५० टक्के ओलांडले की जवळजवळ सक्ती होते. पदवी असल्याचं कौतुक संपतं, नसल्याचा दंड मात्र बसतो. मला यातली ही शेवटची पायरीच सगळ्यात बोचरी वाटते.

हे मोजतात सकल नोंदणी प्रमाणाने: कुठल्याही वयाचे विद्यार्थी भागिले ठरावीक वयोगटाची लोकसंख्या. म्हणून (गंमत अशी) हा आकडा शंभरावरही जाऊ शकतो. भारतात १८ ते २३ हा वयोगट धरून २०२१-२२ साली तो २८.४ होता, २०३५ पर्यंत ५० गाठायचं धोरण आहे. चीनने १९९९ मध्ये प्रवेश एकदम वाढवले आणि २०१९ मध्ये पन्नाशी ओलांडली.

दारं उघडली म्हणजे विषमता गेली का? ब्राझीलमध्ये सरकारी विद्यापीठं फुकट, पण प्रवेश परीक्षा अवघड. महागड्या खाजगी शाळांतली मुलं तिथल्या जागा पटकावत आणि गरिबांची मुलं फी भरून खाजगी कॉलेजात जात. उलटा न्यायच म्हणायचा! अखेर २०१२ च्या कायद्याने केंद्रीय विद्यापीठांतल्या निम्म्या जागा सरकारी शाळांतल्या मुलांसाठी राखल्या. समाजशास्त्रज्ञ सॅम्युएल लुकास यांनी २००१ मध्ये हेच सूत्र सांगितलं: एखादी पायरी सगळ्यांना मिळाली, की सुस्थितीतली कुटुंबं त्याच पायरीवरची अधिक चांगली जागा शोधतात.

आपल्याकडे बारावीचा निकाल लागला, की शेजारी आता ‘कॉलेजात घातलास का?’ असं विचारत नाहीत. विचारतात, ‘खंयची लाईन? आणि खंय, गोंयांतच की भायर?’