शरीरात उखळ, ऐरण, रिकीब आली कुठून?

कानात हातोडी, ऐरण आणि रिकीब नावाची हाडं, कवटीत मेंदूच्या खाली चक्क तुर्की खोगीर नावाची खोबण. ही नावं हौस म्हणून पडली नाहीत. शेकडो वर्षं ग्रंथ हाताने उतरवून घ्यायचे, त्यात शब्द बऱ्यापैकी टिकायचे पण चित्राची दोन-चार नकलांतच वाट लागायची, आणि प्रेत तर टिकतच नाही, मग आकार सांगायचा कसा, तर वाचणाऱ्याच्या हाताखालची वस्तू पकडायची.

सुश्रुतसंहितेत सांध्यांचे आठ प्रकार आहेत, बरेचसे असेच. खुब्याचा सांधा उलूखल म्हणजे उखळ, जबड्याचा वायसतुंड म्हणजे कावळ्याची चोच, कवटीच्या हाडांची जोड तुन्नसेवनी म्हणजे शिवण. लॅटिनमध्येही कवटीची शिवणच आहे, पण खुब्याच्या खोबणीला रोमन लोक व्हिनेगरची वाटी म्हणाले. मला विचाराल तर उखळच भारी, आत काहीतरी हलतं हे पण त्यात कळतं, वाटी नुसती खोलगटपणा सांगते.

तिकडे अलेक्झांड्रियात इ.स.पू. ३०० च्या आसपास हिरोफिलस या ग्रीक वैद्याने लहान आतड्याचा पहिला भाग बारा बोटं लांब म्हणून सांगितला आणि मेंदूतल्या एका खाचेला बोरूची उपमा दिली.

१५४३ मध्ये वेसालियस या शरीररचना शिकवणाऱ्याचा ग्रंथ छापून आला, त्यात एकसे एक चित्रं, म्हणजे आता उपमांची गरज संपायला हवी होती ना, पण झालं उलटंच. कानातली हातोडी-ऐरण त्यानेच सांगितली, हृदयाच्या एका झडपेला बिशपच्या टोपीची उपमा पण त्याचीच. रिकीब मात्र त्याच्या नजरेतून सुटली, तिचं श्रेय साधारण सिसिलीच्या इंग्रासिया या वैद्याला देतात. १५८७ मध्ये अरांझी या इटालियन वैद्याला मेंदूच्या एका भागात समुद्रघोडा दिसला, नाहीतर रेशमाचा किडा, त्याचंच नक्की नव्हतं 😄 पुढे अठराव्या शतकात कुणाला तिथेच मेंढ्याचं शिंग दिसलं.

असं करत करत सुमारे ५०,००० नावं साचली, एकाच अवयवाला पाच-सहा. १८९५ मध्ये शरीररचनेच्या अभ्यासकांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला बसून ती साडेपाच हजारांच्या आसपास आणली. १९५५ च्या पॅरिसच्या यादीत तर माणसांच्या नावांवरून पडलेली नावंच काढून टाकली, वस्तू बहुतेक राहिल्या. फॅलोपिओ या इटालियन वैद्याने १५६१ मध्ये गर्भाशयाच्या नळीला तुतारी म्हटलं होतं, दवाखान्यात अजून फॅलोपियन ट्यूबच म्हणतात, पण अधिकृत नावात आता तो नाही, त्याची तुतारी आहे.