कॅरमची पावडर आणि बुलेटप्रूफ जॅकेट

बेळगावात सकाळी लवकर कॅम्पाकडं फिरायला गेलात तर मराठा सेंटरची, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या ट्रेनिंग सेंटरची पोरं पळताना दिसणारच, ते काय आपल्याला नवीन नाही. माझा मामेभाऊ फौजेत आहे, तो सुट्टीला आला की एकच सांगतो, पळायचं काय वाटत नाही वो, अंगावर बुलेटप्रूफ जॅकेट घालून चढ चढायचा तेव्हा जीव निघतो. 

म्हणून 2024 च्या सप्टेंबरात डीआरडीओ, म्हणजे संरक्षण खात्याची संशोधन संस्था, आणि आयआयटी दिल्लीनं मिळून 'अभेद' नावाचं जॅकेट केलं ही बातमी आली तेव्हा मी आधी वजनच बघितलं. कमीत कमी 8.2 किलो, आणि जास्त मारा झेलणारं 9.5 किलो. सैन्यानं घालून दिलेल्या मर्यादेपेक्षा कमी!

आता हे होतं कसं. पुढं असते बोरॉन कार्बाइडची प्लेट, म्हणजे एक प्रकारचं सिरॅमिक, हिऱ्याच्या खालोखाल कडक पदार्थांत त्याचा नंबर लागतो पण वजनाला स्टीलच्या एक तृतीयांशच. खडू जोरात फरशीवर आपटला तर काय होतं? इथं गोळीचा खडू होतो, टोक चेपतं, तुकडे पडतात. प्लेटही तडकते, पण तडकताना तो दणका मोठ्या जागेवर पसरवते आणि मागचे पॉलिमरचे, म्हणजे चिवट प्लास्टिकसारख्या पदार्थाचे थर उरलेले तुकडे जाळ्यासारखे झेलतात. गंमत म्हणजे हे बोरॉन कार्बाइड बोरिक अ‍ॅसिडपासून करता येतं, तेच जे आपण कॅरम बोर्डवर टाकतो, फक्त कार्बनबरोबर भट्टीत प्रचंड तापवावं लागतं. उद्यमबागच्या फाउंड्रीवाल्यांना भट्टी काय सांगायची, पण लोखंड वितळायला दीडेक हजार डिग्री पुरतात, इथं त्याच्याही बरंच वर जावं लागतं.

आणि खरी अडचण तर पुढंच आहे. गोळीचा वेग एका मर्यादेपलीकडं गेला की याच कडक पदार्थाची ताकद एकदम घसरते, आतली स्फटिकांची रचना बारीक बारीक पट्ट्यांत विस्कटते. ते का होतं हे बघत मायक्रोस्कोपपुढं वर्षानुवर्षं बसायला सैन्याला वेळ नाही आणि कारखान्याला परवडत नाही. ते काम पीएचडीच्या पोरांचं, चार वेळा फसलं तरी चालतं. उलट कॉलेजकडं गोळ्या झाडून बघायची सोय नसते, ती डीआरडीओकडं. म्हणून देशात डीआरडीओनं शिक्षण संस्थांच्या आवारात अशी 15 संशोधन केंद्रं काढलीत, प्रश्न आणि पैसा डीआरडीओचा, प्रोफेसर त्या संस्थांचे. तशी संरक्षण खातं आणि विद्यापीठांची ही ओळख जुनीच, 1948 मध्ये संरक्षण खात्याचे पहिले वैज्ञानिक सल्लागार झालेले दौलतसिंग कोठारी दिल्ली विद्यापीठात फिजिक्स शिकवायचे.

एक दुखणं मात्र आहे. प्रोफेसरचं पोट पेपर छापण्यावर, आणि लष्कराचं काम गुपित ठेवण्यावर. कुठलं छापायचं कुठलं नाही हे आधीच लिहून घेतलं नाही तर विद्यार्थ्याची पाच वर्षं कपाटात बंद होऊ शकतात.

आपल्याकडं बघा की, सेंटर कॅम्पात, व्हीटीयू, म्हणजे इंजिनिअरिंगचं विद्यापीठ, मच्छेला, सांबऱ्याला एअरफोर्स, सगळं गाडीवर अर्ध्या तासात. मी शिकलो त्या कॉलेजात मात्र फायनल इयरचे प्रोजेक्ट सरळ विकत आणायचे, मीही आणला, खोटं कशाला बोलू.

भावाला 8.2 चा आकडा सांगितला तर म्हणाला, दोन किलो जरी कमी झाले ना, तर पाण्याच्या दोन बाटल्या जास्त नेईन.