जास्त पैसा म्हणजे जास्त पळ? नाही भाऊ

समृद्धी महामार्ग झाल्यापासून आपल्याकडं पारावर एक गोष्ट हमखास ऐकू येते: कूपे (दोन दारांची, बुटकी, मागं उतरत्या टपाची) गाडी जितकी महाग, जितके हॉर्सपॉवर जास्त, तितकी ती जोरात पळते. हे खरं नाही.

शंकरपट पाहिलेल्या माणसाला तर हे सांगायची गरजच पडू नये. बैलांच्या या शर्यतीत अंगानं भरलेली जोडी मागं राहते अन् सडपातळ जोडी पुढं निघून जाते. गाडीतही ताकदीला वजनानं भागावं लागतं. 2023 मध्ये बीएमडब्ल्यू एम2 भारतात 98 लाखांना आली (एक्स-शोरूम). ताकद 460 हॉर्सपॉवर, वजन सुमारे 1,700 किलो. त्या वेळची पोर्श 911 कॅरेरा 385 हॉर्सपॉवरची, पण वजन 1,500 किलोच्या आसपास. ऑटोमॅटिक गिअरच्या त्या एम2 ला शून्यावरून ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठायला 4.1 सेकंद लागायचे, त्या 911 ला 4.2. म्हणजे 75 हॉर्सपॉवरचा फरक वजनानं जवळजवळ खाऊन टाकला! अन् हळू निघालेली गाडीच दीड कोटीच्या वरची.

मग वरचा पैसा जातो कुठं? वळणावरची पकड, ब्रेक, स्टिअरिंगचा हात, नाव. दोन्ही गाड्या बाहेरून तयार होऊन येतात, त्यामुळं आयातशुल्कही किमतीतच. त्या शुल्कानं गाडी एक इंचही पुढं सरकत नाही.

बाकी समृद्धीवर मर्यादा ताशी 120 ची. अन् महामार्ग सोडून गावाच्या पांदणीला लागलं की या बुटक्या गाडीचं पोट आधी घासणार.