बॅटरी बदलायच्या आधी कटआउट तपासा

मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये मी आणि अण्णा कास पठारावरून खाली येत होतो, आमच्या १९९७ सालच्या गाडीतून. धुकं एवढं की दहा फुटांवरचं दिसेना, म्हणून हेडलाइट चालू, वायपर चालू, काच धुरकटत होती म्हणून ब्लोअर पण चालू. यवतेश्वरच्या घाटात लक्षात आलं की ॲक्सिलरेटर दाबला की लाइट एकदम लख्ख होतात आणि पाय काढला की पिवळे पडतात. अण्णा म्हणाले, "गेली वाटतं बॅटरी परत." परत म्हणाले कारण सव्वा वर्षातली ती दुसरी बॅटरी होती. पहिली बसली तेव्हा दुकानात सांगितलं नवीन टाका, आम्ही टाकली, गाडी चालू झाली, विषय संपला. ती बसली का, हे कुणी बघितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी गोडोलीतल्या एका जुन्या इलेक्ट्रिशियनकडे गाडी नेली. त्यांनी गाडी चालू ठेवून बॅटरीच्या दोन टर्मिनलला मीटर लावला आणि मला रेस द्यायला सांगितलं. १४.३ व्होल्ट, मग १५.१, मग १५.८. मग गाडी बंद करून बॅटरीची बुचं उघडून दाखवली, पाणी पार प्लेटांच्या खाली गेलेलं. "ताई, बॅटरीला कशाला नावं ठेवताय, कटआउट गेलाय तुमचा. बॅटरी बिचारी उकळतीय आत."

हा कटआउट म्हणजे अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनच्या जोरावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राचा, व्होल्टेज रेग्युलेटर. नाव जुनं आहे. पूर्वीच्या फियाट, अँबॅसडरला अल्टरनेटर नव्हता, डायनॅमो असायचा, आणि इंजिन हळू फिरायला लागलं की डायनॅमोचा व्होल्टेज बॅटरीपेक्षा कमी व्हायचा, मग करंट उलटा बॅटरीतून डायनॅमोकडे वाहायला नको म्हणून कनेक्शन तोडणारा एक रिले असायचा, तो खरा कटआउट. रेग्युलेटर त्याच डबीत असायचा. अल्टरनेटर आले तसं उलटा करंट अडवायचं काम डायोड करायला लागले आणि कटआउट गेला, पण गॅरेजमध्ये नाव राहिलं ते रेग्युलेटरला चिकटून.

आता मुळात ह्याची गरजच काय? ज्यांनी लहानपणी डायनॅमोची सायकल चालवलीय त्यांना हे लगेच कळेल. पायडल जोरात मारलं की दिवा झगझगीत, चढावर सायकल हळू झाली की दिवा मिणमिणता. फॅरेडेनं १८३१ साली दाखवून दिलेली गोष्ट तीच आहे, तारेजवळून चुंबक जेवढ्या वेगानं फिरेल तेवढा व्होल्टेज जास्त. गाडीत तर हा फरक फार मोठा. इंजिन सिग्नलला ८०० आरपीएमवर असतं, खंबाटकी चढताना चार हजारावर जातं, आणि अल्टरनेटरची पुली छोटी असल्यामुळं तो इंजिनच्या साधारण दोन-अडीच पट वेगानं फिरतो. म्हणजे वेग पाचपट होतो, पण बॅटरीला मात्र १४ च्या आसपासच व्होल्टेज पाहिजे, ना कमी ना जास्त.

सायकलच्या डायनॅमोत कायमचा चुंबक असतो, त्याची ताकद बदलता येत नाही. अल्टरनेटरमध्ये मधे फिरणारा रोटर हा विजेवर चालणारा चुंबक असतो. त्याच्या वाइंडिंगला दोन कार्बन ब्रशमधून करंट मिळतो, आणि तो करंट कमी-जास्त केला की चुंबकाची ताकद कमी-जास्त होते. रेग्युलेटर फक्त एवढंच करतो. मला हे कळलं तेव्हा फार भारी वाटलं, कारण माझ्या डोक्यात पंख्याचा रेग्युलेटर होता, की सगळी वीज त्यातून जाते आणि तो ती अडवतो. तसं नाहीच. अल्टरनेटर ४०-५० अँपिअर देत असेल तरी रेग्युलेटरच्या हातात असतात फक्त तीन-चार अँपिअर, रोटरचे. आई दूध तापवताना पातेल्याला हात लावत नाही, दुधाकडे बघते आणि गॅसची कळ फिरवते, दूध वर आलं की कमी, खाली बसलं की जास्त. अगदी तसंच, व्होल्टेज ठरलेल्या आकड्याच्या वर गेला की रोटरचा करंट बंद, खाली आला की चालू, आणि हे एका सेकंदात कितीतरी वेळा चालतं. जुन्या रेग्युलेटरमध्ये हे काम एक कॉइल, एक स्प्रिंग आणि टकटक करणारे पॉइंट करायचे, आता व्होल्टेज ओळखणारा झेनर डायोड आणि करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर करतात.

हा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की कळ फुल्ल उघडी अडकते. तेच आमचं झालं होतं. रेस दिली की व्होल्टेज सुटायचा, आणि हळू फिरताना एवढ्या लाइट-ब्लोअरला अल्टरनेटर पुरायचा नाही, बॅटरीचं पाणी संपल्यामुळं तीही हात द्यायची नाही, म्हणून लाइटचा तो खेळ. याच्या उलटही होतं, ट्रान्झिस्टर ओपन झाला किंवा ब्रश झिजले तर रोटरला करंटच जात नाही आणि चार्जिंग बंद.

चार्जिंग बंद झालं की निदान डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा लागतो. पण जास्त चार्जिंगला तो लागत नाही, आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, आम्हालाही नव्हतं. जुन्या गाड्यांत त्या दिव्याच्या एका बाजूला इग्निशनचा करंट आणि दुसऱ्या बाजूला अल्टरनेटर असतो, दोन्हीकडे सारखा व्होल्टेज आला की दिवा विझतो. व्होल्टेज १४ असो नाहीतर १६, दोन्हीकडे सारखाच, दिवा आपला शांत. आणखी एक, गाडी चालू करताना रोटरला पहिला करंट ह्याच दिव्यातून मिळतो, त्यामुळं तो बल्ब उडाला असेल तर काही गाड्यांत चांगली रेस दिल्याशिवाय चार्जिंग सुरूच होत नाही आणि लोक चांगला अल्टरनेटर खोलून बसतात. चावी फिरवल्यावर तो दिवा लागतो का, एवढं बघायला काही लागत नाही.

बॅटरीच्या आत काय होतं तेही सांगते. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल, पूर्ण चार्ज असताना बंद गाडीत १२.६ च्या आसपास दिसतात. चार्ज करायला साधारण १३.८ ते १४.४ लागतात. एका सेलला २.४ व्होल्टच्या वर न्यायला लागलं की करंट प्लेटा चार्ज करायच्या ऐवजी पाणी फोडायला लागतो, हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटतात, पाणी आटतं, प्लेटा उघड्या पडतात. उन्हाळ्यात हे आणखी लवकर होतं, म्हणून चांगला रेग्युलेटर गरम झाल्यावर व्होल्टेज थोडा उतरवतो. उलट कायम अर्धी चार्ज राहणाऱ्या बॅटरीत लेड सल्फेटचे खडे घट्ट होत जातात आणि मग ती कितीही चार्ज केली तरी धरत नाही. म्हणजे कळ कुठल्याही बाजूला बिघडली तरी मरते बॅटरीच. आणि कृपा करून पाणी बघायला काडी किंवा लायटर पेटवू नका, हवेत हायड्रोजन चार टक्के झाला तरी पेट घेतो.

मल्टीमीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. सकाळी गाडी चालू करायच्या आधी एकदा आणि चालू करून दीडएक हजार आरपीएमवर एकदा मोजायचं, मग हेडलाइट, ब्लोअर लावून परत. सगळं लावून साडेतेराच्या खाली गेला किंवा रेस देऊन १५ च्या वर गेला तर गडबड आहे. बॅटरीजवळ सडक्या अंड्यासारखा वास येणं, हेडलाइटचे बल्ब सारखे उडणं, टर्मिनलवर सारखी पांढरी बुरशी धरणं, ही सगळी जास्त चार्जिंगची चिन्हं असू शकतात.

एक सवय मात्र बंद झाली पाहिजे. चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढून "बघा, गाडी बंद पडली नाही म्हणजे चार्जिंग आहे" असं अजून कितीतरी ठिकाणी बघतात. डायनॅमोच्या काळात खपून गेलं. अल्टरनेटरला बॅटरी अचानक सुटली की रोटरचा चुंबक लगेच विझत नाही, व्होल्टेज क्षणभर शंभरच्या आसपासही उसळू शकतो, आणि त्यात रेग्युलेटर, डायोड, टेप, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) काहीही जाऊ शकतं.

रस्त्यात लाल दिवा लागला तर आधी बॉनेट उघडून बेल्ट बघा. बऱ्याच जुन्या गाड्यांत तोच बेल्ट वॉटर पंप पण फिरवतो, तो तुटला असेल तर पुढं एक किलोमीटर पण जायचं नाही, इंजिन तापेल. बेल्ट असेल तर टेप, ब्लोअर बंद करायचा, गाडी बंद करायची नाही, आणि घर गाठायचं. ३५ अँपिअर-अवरची चांगली भरलेली बॅटरी हेडलाइट लावून सुद्धा तास-दीड तास ओढते, कासवरून साताऱ्यात यायला तेवढा पुरे.

आमच्या गाडीला नवीन रेग्युलेटर बसला, ब्रशसकट, काही शे रुपयांत. पण काम तिथं संपलं नाही. अल्टरनेटरवर मोजलं तर १४.२ आणि बॅटरीवर १३.५. मधले ०.७ गेले कुठं? इलेक्ट्रिशियनकाकांनी मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या बॉडीला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, रेस दिली, ०.६ आले, खरं तर ०.२ च्या वर यायला नको. इंजिनची अर्थिंगची पट्टी, म्हणजे इंजिनची बॉडी बॅटरीच्या निगेटिव्हला जोडणारी, गंजली होती. रेग्युलेटर बिचारा त्याच्या जागी बसून १४.२ बरोबर राखत होता, त्याला काय माहीत पुढं बॅटरीपर्यंत किती पोचतंय ते. पट्टी काढली, पॉलिश पेपर मारला, नट आवळले, बॅटरीवर १४.१.

नुसता रेग्युलेटर बदलून घरी आलो असतो तर बॅटरी ह्या वेळी उपाशी मेली असती.

मीटर आता गाडीतच असतो. परवा शेजारचे काका नवीन बॅटरी आणायला निघाले होते, वर्षभरातली दुसरी, तर अण्णांनी त्यांना थांबवलं आणि गाडी चालू करायला लावून मीटर लावला. रेस दिल्यावर १५.४.