गळ्यातला खोडा आणि मागची कोरी जागा

आपल्याकडे खोडा कैद्याच्या पायात पडे. चिंग राजवटीतील (१६४४–१९१२) चीनमध्ये तो गळ्यात पडत असे. 'ज्या' नावाच्या या जाड चौकोनी फळीचे वजन कायद्याने २५ चिन, म्हणजे सुमारे १५ किलो, ठरवून दिलेले होते आणि तिच्यावर चिकटवलेल्या कागदी पट्ट्यांवर गुन्हा लिहिलेला असे. फळीची रुंदी अशी की कैद्याचा हात स्वतःच्या तोंडापर्यंत पोहोचत नसे, त्यामुळे त्याला दुसऱ्या कोणीतरी भरवावे लागे.

कँटन या दक्षिण चीनमधल्या बंदराच्या शहरातील चित्रशाळांनी परदेशी गिऱ्हाइकांसाठी काढलेल्या चित्रांत हा कैदी वारंवार भेटतो. जॉर्ज हेन्री मेसन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १८०१ मध्ये लंडनहून 'द पनिशमेंट्स ऑफ चायना' हे पुस्तक काढले, त्यातील २२ रंगीत चित्रे अशाच कँटनी मूळ चित्रांवरून तयार केलेली होती. पुढे, साधारण १८२० नंतर, ही चित्रे एका वेगळ्याच पृष्ठभागावर निघू लागली. युरोपीय त्याला 'राइस पेपर' म्हणत, पण त्याचा तांदळाशी काडीचाही संबंध नाही. इतकेच नव्हे, तो रूढ अर्थाने कागदही नाही. टेट्रापॅनॅक्स नावाच्या झुडपाच्या खोडातला पांढरा, मऊ गाभा धारदार सुरीवर फिरवत सोलला की एक सलग, पातळ पापुद्रा निघतो. त्यात कागदासारखा लगदा नसतो, वनस्पतीच्या पेशी जशाच्या तशा असतात. ओला रंग लागताच त्या पेशी फुगतात, म्हणून रंगवलेला भाग मखमलीसारखा किंचित उठून दिसतो. पापुद्रा अर्धपारदर्शक असल्यामुळे त्याखाली तयार रेखाकृती ठेवून एकच चित्र कितीही वेळा गिरवता येई. माणूस एकदाही शिक्षा न पाहता आयुष्यभर शिक्षा रंगवू शकेल, अशी ही सोय होती!

या चित्रांत मला सर्वांत बोलकी वाटते ती आकृतीमागची कोरी जागा. चिंग कायद्यात हलक्या बांबूचे फटके, जड बांबूचे फटके, सक्तमजुरी, हद्दपारी आणि मृत्युदंड अशी पाच शिक्षांची उतरंड होती. देहदंडाचे बरेचसे खटले जिल्ह्यापासून राजधानीपर्यंत वर चढत, आणि शरद ऋतूतील फेरतपासणीनंतर काहींचा निर्णय खुद्द सम्राटाच्या लाल शाईच्या खुणेने होई. हा सारा कागदोपत्री पसारा चित्रातून गाळला की उरतात फक्त मारणारा आणि मार खाणारा, आणि युरोपीय वाचकाला तोच अख्खा चीन वाटू लागला. ज्या काळी लंडनमध्ये किरकोळ चोरीसाठीही फाशी होत होती, त्या काळचा हा वाचक होता, हे विसरता येत नाही.

चिनी प्रेक्षकांसाठी काढलेली चित्रे याच्या नेमकी उलट आहेत. बाराव्या शतकात निंगबो या पूर्व चीनमधल्या बंदराच्या शहरातील चिन छुशी या चित्रकाराच्या चित्रशाळेने नरकाचे दहा राजे रेशमावर रंगवले. त्यांतील पाच पट आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. या दहांपैकी पाचवा राजा येन्लो, म्हणजे बौद्ध धर्माबरोबर भारतातून तिकडे गेलेला आपला यमराज. मात्र त्याच्या हाती ना पाश, ना वाहनाला रेडा. तो चिनी न्यायाधीशाच्या पोशाखात मेजामागे बसतो, पाठीशी चित्रित पडदा असतो आणि बाजूला कारकून कागदपत्रे घेऊन तत्पर उभे असतात. पापी आत्म्यांचे हाल पटाच्या तळाशी चाललेले असतात, आणि नजर तिथवर उतरण्याआधी वाटेत कचेरी लागते.